प्रेक्षकांची तालीम

नाटकास तालीम लागते, हे कोणास सांगावयास नको. नट महिना-दीड महिना तालीम करतात, गाणारे रियाज करतात, पडदा ओढणारा मनुष्यसुद्धा कोणत्या शब्दावर दोरीस हात घालावयाचा हे चार वेळा करून पाहतो. परंतु समोरच्या काळोखात जी शेकडो माणसे येऊन बसतात, त्यांनी कोणती तालीम केलेली असते? तिकीट काढले की मनुष्य प्रेक्षक झाला, असा सर्वत्र समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. तिकिटाने खुर्ची मिळते. प्रेक्षकपण निराळ्या मार्गाने मिळवावे लागते, आणि ते एकट्याने मिळवता येत नाही. ठाण्यातील आमच्या लहानशा नाट्यरसिक मंडळाच्या अनुभवावरून याविषयी चार शब्द लिहीत आहोत. शाळेच्या वार्षिक अंकात ते छापण्याचे प्रयोजन काय, हे पुढे ओघाने येईलच.

प्रेक्षकाच्याही अंगी गुण असावे लागतात, हा विचार काही आमच्या पदरचा नव्हे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जसा नटाच्या अभिनयाचा, तसा प्रेक्षकाच्या लक्षणांचाही विचार केला आहे. रंगभूमीवरील पात्र आनंदित झाले असता ज्यास आनंद होतो व ते शोकात पडले असता जो शोक करतो, तो खरा प्रेक्षक, असा त्यांचा अभिप्राय आहे. कालिदासाच्या शाकुंतलातील सूत्रधार तर प्रस्तावनेतच सांगून टाकतो की, जाणत्यांचे समाधान होईपर्यंत आपल्या कौशल्याचा आपल्यालाच भरवसा वाटत नाही. तात्पर्य, नट कितीही निपुण असो, त्याच्या कलेवरील शेवटचा शिक्का समोरच्या माणसांचा असतो.

मराठी रंगभूमीचा इतिहासही हेच सांगतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग केला, तेव्हा त्यांचे आश्रयदाते होते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन. पुढे तो राजाश्रय संपला आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांचे खेळ झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी १६ एप्रिल रोजी बोरीबंदराहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी आमच्या ठाण्यास पोहोचली. त्या सुमारास रंगभूमीने राजाचा हात सोडला व तिकीट घेणाऱ्या सामान्य मनुष्याचा हात धरला. तो हात तिने अद्याप सोडलेला नाही.

या सामान्य मनुष्याची शक्ती केवढी, याचे एकच उदाहरण देतो. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था. परंतु त्या रात्री एकीचे चालक धैर्यधर झाले आणि दुसरीचे चालक भामिनी. प्रेक्षकांतही या दोघांचे दोन पक्ष होते, आणि ते एरवी एकमेकांशी हिरिरीने भांडत. त्या रात्री दोन्ही पक्ष एका छपराखाली बसले, आणि कलेसाठी जमलेल्या माणसांनी देशकार्याच्या झोळीत आपला वाटा टाकला. पुढे १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे नाटकाचे कार्य ज्यांनी जिद्दीने वाढविले, ते डॉ. अमृत नारायण भालेराव हे पेशाने वैद्य. गिरगावातील संघाच्या नाट्यगृहास आज त्यांचेच नाव आहे. रंगभूमीवर प्रेम करणाऱ्या माणसाने मनावर घेतले तर काय उभे राहते, याची ती साक्ष होय.

आता आमच्या गावाकडे वळू. ठाणे-कल्याणचा हा टापू वाचनाचा व श्रवणाचा भोक्ता. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. नाट्यगृहांची नावे पाहिली तरी येथील जनतेच्या मनाचा ठाव लागतो. कल्याणचे रंगमंदिर आचार्य अत्र्यांच्या नावाचे, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले यांच्या. ठाण्यात एक नाट्यगृह डॉ. काशीनाथ घाणेकर यांच्या नावाचे. ते दंतवैद्य होते आणि 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकातील संभाजी म्हणून घरोघर पोहोचले. मासुंदा तलावाच्या काठी १९७८ साली उभे राहिलेले रंगायतन राम गणेश गडकरी यांचे. गडकरी वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. ज्या नाटकाने महाराष्ट्राला रडविले, त्याचा पहिला प्रयोग त्याच्या कर्त्याला पाहता आला नाही. लेखक जातो, नट बदलतात, नाटक कंपन्या मोडतात. तरी नाटक उरते, कारण ते पाहणारी माणसे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे ते सोपवीत जातात.

आमच्या मंडळाचा जन्म कोणत्याही ठरावाने झाला नाही. नाटक सुटल्यावर लगेच घरी न जाता रेंगाळणारी काही माणसे प्रत्येक गावात असतात. तशीच आम्ही आठ-दहा माणसे तलावपाळीवर उभी राहून नुकत्याच पाहिलेल्या प्रयोगाची चिरफाड करीत असू. बँकेतील एक कारकून, औषधांचे दुकान चालविणारे एक गृहस्थ, एक निवृत्त शिक्षिका, महाविद्यालयात जाणाऱ्या दोघी बहिणी, आणि डोंबिवलीचे एक दांपत्य. या दांपत्याची एक नजर सदैव घड्याळावर; वाद ऐन रंगात आला की नेमकी त्यांची लोकलची वेळ होई, आणि आमच्यावाचून निकाल लावू नका, असे बजावून ती दोघे स्टेशनाकडे धावत. अखेर एके रात्री शिक्षिकाबाई म्हणाल्या, "उरलेले भांडण रविवारी सकाळी माझ्या घरी करू. चहा माझा, आवाज तुमचा." तो रविवार हाच आमच्या मंडळाचा स्थापनादिन.

मंडळाचे काम फार मोठे नाही. वर्षाची वर्गणी पुढच्या रांगेतील एका तिकिटाइतकी. महिन्यातून एक नाटक सर्वांनी मिळून पाहावयाचे आणि पुढील रविवारी त्यावर बोलावयाचे. संक्रांतीस तिळगूळ, कोजागरीस गच्चीवर दूध व नाट्यपदे, आणि ५ नोव्हेंबरच्या रंगभूमिदिनी एखाद्या नाटकवाल्याचा सत्कार. जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी रंगमंच कामगारांच्या मुलांना वह्या-पुस्तके द्यावयाची, हा नियम शिक्षिकाबाईंनी घातला व आजवर तो मोडला नाही. या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे नटांशी गप्पांचा कार्यक्रम. त्याचे नियम तीनच. ज्याने नाटक पाहिले असेल त्यानेच प्रश्न विचारावा. प्रश्न एका दमात संपावा. आणि प्रश्न संपेपर्यंत कोणीही छायाचित्र काढू नये. तिसरा नियम पाळण्यास मुलांपेक्षा मोठ्यांना अधिक कष्ट पडतात, असा आमचा अनुभव आहे.

या गप्पांतून आम्ही किती शिकलो, ते सांगू लागलो तर अंक पुरावयाचा नाही. एक विनोदी नट आले होते. हशा कसा सांभाळावा, असे आमच्यातील एकाने विचारले. ते म्हणाले की हशा ही समुद्राची लाट आहे. ती चढत असता पुढचे वाक्य टाकले तर वाक्य बुडते. ती पुरती ओसरेपर्यंत थांबले तर प्रयोग थंड पडतो. ती नुकती उतरू लागली की शब्द सोडावयाचा. दुपारच्या प्रयोगास माणसे जेवून येतात, त्यांची लाट सावकाश चढते. म्हणून दुपारी तोच क्षण थोडा ताणावा लागतो. त्या दिवसापासून आम्ही हसताना शेजाऱ्याच्या खांद्यावर पडत नाही. पुढचे वाक्य आपल्यासाठीच थांबले आहे, याचे भान येते.

दुसऱ्या खेपेस एक अभिनेत्री आल्या. त्यांच्या नाटकात एक दीर्घ मूक प्रसंग आहे. पत्र वाचावयाचे आणि काही बोलावयाचे नाही. त्यांनी सांगितले की शांतता दोन प्रकारची असते, एक ऐकणाऱ्यांची व दुसरी पेंगणाऱ्यांची; आणि रंगमंचावर दोन्ही निरनिराळ्या ऐकू येतात. तेव्हा आठवीतील एका मुलीने विचारले की मोबाइलचा आवाज बंद ठेवून नुसता पाहिला तर नटांना त्रास होतो काय. बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "बाळ, वरून आम्हांला सगळा काळोख दिसतो. त्यात एक मोबाइल उघडला की एकच चेहरा उजळतो, आणि तेवढाच चेहरा आमच्याकडे पाहत नसतो." सभेतील कित्येक प्रौढ गृहस्थांनी त्या वेळी माना खाली घातल्या.

परंतु सर्वांत स्मरणात राहिली ती पडदेवाल्या मामांची सभा. तीस वर्षे ज्यांनी पडदा ओढला, त्यांस व्यासपीठावर बसवावे, ही कल्पना दोघी बहिणींची. मामा कडक इस्त्रीचा सदरा घालून आले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. पाच मिनिटे त्यांच्या तोंडून शब्द निघेना. शेवटी एका मुलाने विचारले, "मामा, पडदा केव्हा पाडायचा, हे तुम्हांला कसे कळते?" हा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मग ते बोलू लागले. विंगेतून नटाचा चेहरा क्वचितच दिसतो, पाठ मात्र दिसते. शेवटचे वाक्य संपले की त्या पाठीचा श्वास सुटतो. त्या श्वासाबरोबर दोरी सोडावयाची. शब्दावर सोडली तर टाळीचा गळा दाबला जातो, असे ते म्हणाले. बोलता बोलता असे कळले की या गृहस्थांनी शेकडो प्रयोग केले, पण एकही नाटक समोर बसून पाहिले नव्हते.

मंडळाने पुढील महिन्यात त्यांना आपल्याबरोबर सहाव्या रांगेत बसविले. नाटक त्यांच्या पाठ असलेले, पण पडदा त्या दिवशी दुसऱ्याच्या हाती. प्रयोग संपल्यावर आम्ही मोठ्या उत्सुकतेने त्यांचे मत विचारले. "पडदा अर्धा क्षण आधी पडला," एवढेच ते प्रथम बोलले, आणि आम्ही हसलो. जिन्यावर आल्यावर मात्र हळूच म्हणाले की त्या शेवटच्या वाक्याला बाईंचे डोळे भरून येतात, हे आपल्याला आज कळले. आजवर आपण फक्त पाठ पाहिली. यावर कोणास काही बोलवेना.

मंडळात मतभेद झाले नाहीत, असे कोणी समजू नये. दूरचित्रवाणीच्या मालिकांतून प्रसिद्धीस आलेले नट बोलाविले तर सभासद वाढतील, असे औषधवाल्या गृहस्थांचे मत. गर्दी वाढेल, रसिक वाढणार नाहीत, असे शिक्षिकाबाईंचे. एकदा तसा प्रयोग करूनही पाहिला. दिवाणखाना सोडून शाळेचा वर्ग मागावा लागला, खिडक्यांत माणसे उभी राहिली. परंतु प्रश्न आले ते सर्व मालिकेसंबंधी, आणि ज्या नाटकासाठी पाहुणे आले होते त्याचे नावही कोणी घेतले नाही. बिचारे पाहुणेच शेवटी खट्टू झाले. तथापि औषधवाले हट्टाने म्हणाले की त्या गर्दीतून दोन मुले तरी पुढच्या महिन्यात नाटकाला आली, त्यांना कशी आणली असती? त्यांचेही खोटे नव्हते. शेवटी तोड निघाली ती अशी की, कितीही नामवंत नट बोलवा, परंतु त्याच नाटकातील पडद्यामागचा एक मनुष्य त्याच्या शेजारी बसला पाहिजे. रंगभूषा करणारा, दिवे सांभाळणारा किंवा कपडे पाहणारा. हा नियम सर्वांत अधिक आवडला तो पाहुण्या नटांनाच.

आमची खरी परीक्षा मात्र पुढेच होती. २०२४ साली गडकरी रंगायतन नूतनीकरणासाठी बंद झाले. घाणेकर नाट्यगृह होते, परंतु ते रेल्वे स्टेशनापासून दूर. वृद्ध सभासदांना रात्री रिक्षाचा प्रवास झेपेना, आणि डोंबिवलीच्या दांपत्याचे घड्याळाचे गणित पार चुकू लागले. रविवारची उपस्थिती रोडावली. नाटकच पाहिले नाही तर बोलावयाचे कशावर? मंडळ मोडावे, असा विचार प्रथमच उघडपणे निघाला. तेव्हा शिक्षिकाबाईंनी कपाटातून 'एकच प्याला' काढले आणि भूमिका वाटून टाकल्या. डोंबिवलीचे दांपत्य सुधाकर व सिंधू झाले. आयुष्यात सुपारीचेही व्यसन नसलेल्या औषधवाल्यांच्या वाट्यास तळीराम आला, आणि तो त्यांनी इतक्या तन्मयतेने वाचला की शेजारचे लोक दारात येऊन उभे राहिले. वाचनात कोणीही नट झाला नाही; परंतु एक वाक्य नीट म्हणणे किती कठीण, हे ज्याला त्याला आपल्या जिभेवर कळले. २०२५ साली रंगायतनाचे दरवाजे पुन्हा उघडले तेव्हा आत गेलेले आम्ही पूर्वीचे प्रेक्षक नव्हतो. आमची तालीम झाली होती.

असाच प्रकार सातासमुद्रांपलीकडेही घडला आहे. लंडनचे 'ओल्ड व्हिक' हे नाट्यगृह लिलियन बेलिस नावाच्या बाईंनी मोठ्या काटकसरीने चालविले, आणि सामान्य माणसाला परवडेल अशा दरात शेक्सपिअर दाखविला. त्या नाट्यगृहावर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांनी १९२३ साली आपले एक मंडळ स्थापिले. नाताळानंतरच्या बाराव्या रात्री जमून केक कापावा, नटांच्या सहवासात चार घटका घालवाव्या, शेक्सपिअरचा जन्मदिवस साजरा करावा, अशी त्यांची रीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बाँबवर्षावात त्या इमारतीची हानी झाली व नाट्यगृह १९५० पर्यंत बंद राहिले. तथापि प्रेक्षकांचे मंडळ मोडले नाही. त्यांची नऊ वर्षे आणि आमचे काही महिने यांची तुलना होऊ शकत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु इमारत बंद पडली तरी प्रेक्षक बंद पडू नये, हा धडा दोन्हीकडे एकच.

आता हा लेख शाळेच्या अंकात का, ते सांगतो. आमच्या रविवारच्या बैठकीत डोक्यांकडे पाहिले तर पिकलेली डोकी अधिक व काळी थोडी. पडदेवाल्या मामांस प्रश्न विचारणारा मुलगा आणि अभिनेत्रीस विचारणारी मुलगी, ही दोन्ही शाळकरी मुले होती, आणि त्या दोन्ही सभांतील उत्तम प्रश्न त्यांचेच होते. मोठी माणसे प्रश्नाच्या नावाखाली बहुधा आपले मतच सांगतात. मुले खरोखर विचारतात. ही मुले आली नाहीत तर आणखी वीस वर्षांनी रंगायतनात खुर्च्या असतील, दिवे असतील, नटही असतील. परंतु तो श्वास ऐकणारे कोणी नसेल.

पालकवर्गास एक नम्र विनंती. शाळेच्या स्नेहसंमेलनात आपल्या पाल्याचा प्रवेश संपताच काही मंडळी उठून जातात, हे दृश्य आपण सर्वांनीच पाहिले आहे. त्यानंतर ज्या मुलांचा प्रवेश येतो, ती मुले विंगेतून त्या रिकाम्या होणाऱ्या खुर्च्या पाहत असतात. यंदा शेवटचा पडदा पडेपर्यंत बसावे. परीक्षेच्या धाकाने मुलांस नाटकापासून दूर ठेवणाऱ्यांस एवढेच सांगावेसे वाटते की, तीन तास एका जागी शांत बसून दुसऱ्याचे बोलणे मनापासून ऐकणे, हाही एक अभ्यासच आहे, आणि त्याची गरज परीक्षेतही पडते व संसारातही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी थोडेच नट होतील, परंतु प्रेक्षक सर्वांनाच होता येईल. येत्या ५ नोव्हेंबरला शिक्षिकाबाईंच्या घरी पुन्हा बैठक आहे. या वेळी दिवे सांभाळणारे एक कारागीर येणार आहेत. काळोख कसा तयार करतात, हे ते सांगणार आहेत. प्रश्न एका दमात संपेल असा तयार करून या. चहा लहानांस मिळत नाही, परंतु वडा मिळतो.